दुपारचा व्यायाम अन् अक्काची शपथ

घरातलं गाऱ्हाणं चारचौघांत मांडू न्हाई म्हणतात. मीबी आजवर मांडलं न्हाई. पण आमच्या जालन्याच्या व्यायामाच्या बाई म्हणल्या, कमलताई, तुम्ही लिहा, आम्ही सांगितलं की बाया माना हालवतात अन् घरी जाऊन विसरतात, तुमच्यासारखीनं सांगितलं तर ऐकतील. मंग म्हणलं, लिहायचं तर सगळंच लिहायचं. गुडघे कसे दुखले तेबी, अन् गुडघ्यांपायी माणसं कशी कळली तेबी. मला गोड लिहिता येत न्हाई. सातवीपर्यंत शिकले, तिथं कुणी गोड लिहायला शिकवलं न्हाई.

आमचं गाव जाफराबाद तालुक्यात. घर शेतकऱ्याचं. कपाशी, ज्वारी, अन् त्या वर्षांत नवी नवी सोयाबीन. घरात आम्ही दोघी जावा. मोठी अक्का, धाकटी मी. मोठे भावजी वारले तेव्हापासून घराचा कारभार अक्काच्या हातात. आमचे मालक तिच्या शब्दाबाहेर जात नसत. तिचा प्रकाश गावातच शाळेवर मास्तर. मला एकच लेक, संगीता, ती परतूरला दिलेली.

जालन्याला गेल्तो तो दिवस

दोघींचे गुडघे एकाच सुगीत धरले. आधी खाली बसलं की उठवंना. मंग पायरी उतरताना कळ यायला लागली. कपाशी वेचायला गेलं तर निम्म्या रानातच बांधावर बसावं वाटायचं, अन् बसलं की पुन्हा उठायची धास्ती.

सगळ्यात वाईट सकाळची वेळ. तेव्हा गावात कुणाच्या घरी संडास? डबा घेऊन ओढ्याकडं जायचं. बाईमाणसानं हे लिहावं का, तर हो, लिहावं, कारण गुडघे दुखणारी हरेक बाई याच्यापायीच रडते. एक दिवस मी बसले ती उठताच येईना. शेजारणीला हाक मारली. तिनं काखेत हात घालून मला उभं केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आले अन् म्हणलं, आता दवाखाना.

प्रकाशनं आम्हा दोघींना जीपमधी घालून जालन्याला नेलं. फोटो काढले. डॉक्टरनं ते उजेडाला धरले अन् म्हणले, गुडघ्याची झीज झाली, वयाचं हाय. मी म्हणलं, माझं काय वय झालं, अजून पन्नाशी गाठली न्हाई. त्यांनी मान वर केली न्हाई. म्हणले, झिजलेलं भरून येत न्हाई. वजन कमी करा, खाली बसू नका, खुर्चीवर बसा, अन् व्यायाम करा.

मला खरं सांगायचं तर राग आला. डॉक्टरचा न्हाई, गुडघ्यांचा. जन्मभर यांच्यावर घागरी वाहिल्या, निंदण केलं, लेक अंगाखांद्यावर वाढवली. एका शब्दानं कधी कुरकुर न्हाई अन् आता एकदम असा दगा. आपलंच हाड आपल्याला फसवतं म्हणल्यावर माणसानं कुणाकडं पाहायचं?

व्यायामाच्या बाई शेवटच्या खोलीत बसायच्या. वयानं माझ्या संगीताएवढ्या. त्यांनी टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवली अन् म्हणल्या, ती खाली दाबा, दहापर्यंत मोजा, सोडा. मंग पाय सरळ ठेवून वर उचलायचा, धरायचा, हळू खाली आणायचा. जरा जोर आला की घोट्याला वाळूची थैली बांधून उचलायचा. एवढंच. मला हसू आलं. एवढ्यासाठी जालन्याला आणलं?

बाईंनी दोन गोष्टी बजावल्या. एक, लवकर फरक दिसणार न्हाई, तोवर सोडू नका. दोन, दुखण्यावर बाजारातली औषधाची पुडी घेऊ नका. त्यावर प्रकाश अक्काकडं वळून म्हणला, "ऐकलं ना आई? आपल्या घरात पुडी यायची न्हाई." त्याचे वडील काविळीत झाडपाल्याच्या भरवशावर राह्यले अन् गेले. त्यापायी तो या बाबतीत बिलकुल ऐकत नसे.

जावाजावांची दुपार

आता ही अडचण शहरातल्या बायांना कळायची न्हाई. आमच्याकडं भर दुपारी आडवी होणारी बाई एक तर बाळंतीण, न्हाई तर आळशी. अन् आडवी होऊन पाय वर करायचे म्हणजे इज्जतीचाच प्रश्न. ओसरीवर माणसं येत-जात असतात. मोठी जाऊ उभी असताना धाकटीनं खाटंवर पडायचं, हे तर आमच्या घराण्यात कुणी पाह्यलं नव्हतं.

पण अक्काच पडणार म्हणल्यावर मला कोण काय बोलणार? जेवणं झाली, भांडी झाली की आम्ही माजघराचं दार लोटून घ्यायचो. दोन खाटा शेजारी शेजारी. प्रकाशच्या जुन्या पायजम्याचे पाय कापून अक्कानं दोन थैल्या शिवल्या, जिनं तिनं आपली वाळूनं भरली. ती मोजायची, मी पाय उचलायची, मंग मी मोजायची. मोजता मोजता ती कुणाच्या तरी सुनंची नक्कल करायची अन् आम्ही दोघी हसून पाय खाली टाकायचो. लग्न होऊन आल्यापासून अक्का मला सासूच्या जागी होती. त्या दुपारी ती पहिल्यांदा बहिणीसारखी वाटली. हे मुद्दाम लिहिते, न्हाई तर पुढचं वाचून वाटंल की मला तिच्याबद्दल आधीपासूनच आकस होता.

व्यायाम करून पहिले कितीतरी दिवस उलटं मांड्या दुखायच्या. मी रोज सकाळी उठून गुडघ्याला विचारायची, काय रे बाबा, काही फरक? काही न्हाई. पण सोबत होती, म्हणून टिकले.

अक्का बरी झाली

अन् एक दिवस अक्का बरी झाली. खरंच. सकाळी उठली, अंगणात सडा टाकला, खाली बसून भाकरी थापल्या अन् भुईला हात न लावता उठली. मी पाहातच राह्यले. आठ दिवसांत ती रानात जाऊन आली. तोंडावर तेज, गाल भरलेले. बाया म्हणायच्या, अक्का, अंगाला लागलं बरं का. अक्का म्हणायची, व्यायाम. नेमानं करते ना.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, जळालेबी जरा. दोघींच्या खाटा शेजारी शेजारी, एकच व्यायाम, एकाच दिवशी चालू केलेला. मंग माझंच काहून राह्यलं? वाटलं माझंच चुकत असंल. तिच्यासारखं व्हायचं म्हणून मी थैलीत आणखी वाळू भरली. दुपारचा केला तरी संध्याकाळी पुन्हा करायची. गुडघा सुजला. बाईंनी सांगितलं होतं, जास्तीचं करू नका. पण शेजारच्या खाटंवर बरं झालेलं माणूस असताना बाईंचं कोण ऐकतं?

घरातलं बोलणं बदललं. आधी म्हणायचे, दोघींचे गुडघे दुखतात. आता म्हणायला लागले, धाकटीला कामाचा कंटाळा हाय. मालक खाली मान घालून जेवायचे. एकदा ओसरीवर पाहुणे होते. कुणीतरी माझी चौकशी केली. तर अक्का म्हणली, "तिला मन न्हाई हो करायचं. मी केलं, माझं गेलं. तिचं कसं जाईना?"

मी आत तवा उतरवून राह्यले होते. ते वाक्य माझ्या काळजात बसलं ते आजबी तिथंच हाय.

मंग तिनं दुपारचं पडणंच बंद केलं. मला बरं वाटतंय, आता कशाला? म्हणली, तुझंबी बस झालं आता लोळणं. झालं, माझी दुपार गेली. मोठी जाऊ काम करून राह्यली अन् धाकटी आत पाय वर करून पडली, असं चालणार होतं का? त्या वेळी मला दोनच गोष्टी हव्या होत्या. सकाळी ओढ्यावरून कुणाच्या हाताशिवाय उठून यावं, अन् घरानं मला ढोंगी म्हणू न्हाई. दोन्ही हातातून जाताना दिसत होत्या.

तरी मी सोडला न्हाई. पहाटे सगळे उठायच्या आत करायची. नीट व्हायचा न्हाई, पण करायची.

थैली

जास्तीच्या वाळूनं माझी थैली एका सकाळी उसवली. वाळू सगळी खाटंवर. म्हणलं अक्काची तर पडूनच हाय, ती बांधावी. फडताळातून ती उचलली तर हाताला वजनच लागंना. आधी वाटलं, हिचीबी सांडली. पण थैली टम्म भरलेली होती. शिवण जराशी उचकटली, तर आत सरकी. कपाशीचं बी. गुरांना घालतो ती सरकी.

म्हणजे माझ्या शेजारी पडून ती सरकीची थैली उचलत होती, अन् मी वाळूची. मला काही कळंना. व्यायाम केलाच न्हाई, तर ही बरी कशी झाली?

दुपारी तिला एकटीला गाठलं अन् थैली तिच्या पुढ्यात टाकली. अक्का आधी हसली. मंग तिनं दार लोटलं. म्हणली, वाळूनं माझा पाय उचलत नव्हता. धाकटीचा पाय वर अन् माझा खाटंवर, हे मला पाहवंना. मी म्हणलं, ते सोडा, पण गुडघे? तर तिनं कनवटीची कागदाची पुडी काढून दाखवली. आठवडी बाजारात एष्टी स्टँडाशेजारी एक माणूस चटई टाकून बसायचा, त्याच्याकडची. राखेच्या रंगाची भुकटी. सकाळी एक घेतली की दिवसभर कळ न्हाई.

"पाह्यजे तर तूबी घे," ती म्हणली.

मी घेतली न्हाई. यात माझं काही शहाणपण न्हाई. त्या क्षणी तिच्या हातचं पाणीबी नको वाटून राह्यलं होतं, पुडी कुठली घेते? मी म्हणलं, तुम्हाला सगळं माहीत असताना तुम्ही मला चारचौघांत कामचोर ठरवलं. माझा गुडघा सुजला तुमच्याकडं पाहून. प्रकाशला सांगते आता.

तिनं माझं मनगट धरलं. "तुला नवरा हाय. मी बसून राह्यले तर या घरात मला कोण विचारतंय? तुला संगीताच्या पोटातल्या लेकराची शपथ हाय, बोलशील तर."

संगीताचं पहिलंच. सातवा चालू होता. आता कुणी म्हणंल, शपथंला काय एवढं? ज्याची लेक पोटुशी असंल त्यानं म्हणून दाखवावं. अन् आमच्याकडं ज्यानं शपथ घातली त्यानंच ती सोडायची असते. त्यानं तोंडानं 'सुटली' म्हणल्याशिवाय ती डोक्यावरून उतरत न्हाई. मी गप बसले.

दवाखान्यात

संगीता बाळंतपणाला माहेरी आल्ती, तेव्हाची गोष्ट. अक्का न्हाणीत पडली. घामानं भिजलेली, बोलणं बरळल्यासारखं. प्रकाशनं जीप आणली, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन जालन्यापर्यंत बसले. माझे गुडघे त्या दिवशी काय म्हणत होते ते मलाच ठाऊक.

रक्तात साखर भलतीच वाढलेली. तिच्या गालांवरची ती गोलाई पाहूनच डॉक्टरनं विचारलं, पुडी-बिडी घेता का? त्या भुकटीत कडक औषध मिसळलेलं असतं म्हणले. दुखणं झाकतं, माणसाला वाटतं बरं झालं, अन् आतून गुडघा, हाडं, साखर सगळ्याची वाट लागते. आता एकदम बंदबी करता येणार न्हाई, हळूहळू सोडवावं लागंल.

प्रकाशचा चेहरा उतरला. त्यानं खाटंजवळ जाऊन विचारलं, "आई, पुडी कुणी आणली?"

अक्कानं सलाइनच्या बाटलीकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं. म्हणली, "धाकटीनं आणून दिली. मी तिचंच ऐकलं."

मला वाटलं, माझ्या कानात काहीतरी बिघडलंय. प्रकाश माझ्याकडं वळला. मी तोंड उघडलं अन् डोळ्यांपुढं संगीताचं पोट आलं. नववा महिना. तोंड तसंच मिटलं. प्रकाश म्हणला, काकू, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. ते पोरगं मी मांडीवर न्हाऊमाखू घातलेलं. ते मला असं म्हणलं अन् मी ऐकून घेतलं.

त्या दवाखान्यात मी अक्काजवळ राह्यले, दुसरं कोण राहणार? तिला उठवणं, बसवणं, भांडं देणं. दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. व्हरांड्यात मी खूप रडले. शेजारच्या खाटंवरची एक बदनापूरची म्हातारी मला रोज अर्धा कप चहा द्यायची, न विचारता. तिला वाटत असंल, ही जावेसाठी रडते.

एका दुपारी मी व्यायामाच्या बाईंकडं जाऊन बसले. त्यांनी गुडघा दाबून पाह्यला, म्हणल्या सूज काहून वाढवून ठेवली? शपथंत अडकलेलं सोडून, अक्काकडं पाहून वाळू वाढवली तेवढं सांगितलं. त्यांनी वाळू कमी करायला लावली. म्हणल्या, दुसरीचा पाय पाहून आपला उचलायचा न्हाई. दुखलं त्या दिवशी थोडा करा, पण करा.

एकटीचा व्यायाम

घरी आलो तशी घराची नजर फिरली. आधी मी आळशी होते, आता मी मोठ्या जावेला औषध चारणारी झाले. मालकांनी एकदाच विचारलं, तू आणली का? मी म्हणलं, मला विचारू नका. त्यांनी पुन्हा विचारलं न्हाई.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनीच माझी खाट माजघरात ओढली अन् स्वतः दारात सुतळी वळत बसले. कुणी आत डोकावलं की म्हणायचे, ती व्यायाम करून राह्यली, काय काम हाय ते मला सांगा. पुढं रोज. त्या माणसानं जन्मात मला कधी बरं बोललेलं आठवत न्हाई. पण ते दारात बसले म्हणून माझी दुपार मला परत मिळाली.

संगीता सुखरूप सुटली, मुलगा झाला. मी नातवाला मांडीवर घेतलं तेव्हाबी पहिला विचार आला, बरं झालं मी बोलले न्हाई. अन् लगेच दुसरा, पण शपथ तर अजून हायच.

फरक कधी पडला ते नेमकं सांगता येत न्हाई. असा एक दिवस उगवत न्हाई. एकदा एष्टीत चढले अन् मागून लक्षात आलं की दांडी धरून आपली आपण चढलो. एकदा ओढ्यावरून उठून आले अन् अर्ध्या वाटंवर आठवलं की आज कुणाला हाक मारली न्हाई. तिथंच उभी राहून मी डोळे पुसले.

सुटली

अक्काची पुडी हळूहळू सुटली अन् झाकलेलं दुखणं सगळं वर आलं. आधीपेक्षा दुप्पट. आता तिला खाटंवरचाच व्यायाम सांगितला होता. पण पाय तिला उचलत नव्हता, कुणीतरी धरून उचलायचा होता. अन् घरात तो कसा उचलायचा हे फक्त मला माहीत. प्रकाश येऊन खाली पाहात म्हणला, काकू, आईचं तेवढं करता का?

करायला लागले. दया आली म्हणून न्हाई. रोज दुपारी माझा व्यायाम झाला की तिच्या खाटंशी जायचं, घोट्याखाली हात घालायचा, मोजायचं, सोडायचं. वर्ष गेलं असंल. मी तिला एकदाबी विचारलं न्हाई, तुम्ही असं काहून केलं. उत्तर ऐकून माझी झोप परत येणार होती का?

एका दुपारी तिचा पाय माझ्या हातात होता. ती वर आढ्याकडं पाहून म्हणली, "सुटली."

मी म्हणलं, काय?

"शपथ. सुटली म्हणते." अन् तिनं तोंड भिंतीकडं केलं.

मी पाय हळू खाली ठेवला. बाहेर आले. प्रकाश ओसरीवर पोरांचे पेपर तपासत बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, सरकीपासून दवाखान्यापर्यंत. वाटलं, आता हा उठंल, काकू म्हणून पाया पडंल, न्हाई तर खोटं बोलता म्हणून ओरडंल तरी.

त्यानं पेनाला टोपण लावलं. म्हणला, "मला माहीत होतं, काकू."

अक्काला दवाखान्यातून आणलं त्याच आठवड्यात तो बाजारात त्या पुडीवाल्याशी भांडायला गेल्ता. त्या माणसानंच सांगितलं, मास्तर, तुमच्या आई स्वतः यायच्या.

"मंग बोलला काहून न्हाईस रे?" मी म्हणलं.

"आईला काय बोलणार? माझ्याशिवाय तिचं कोण हाय?" पेपरांचा गठ्ठा सारखा करत म्हणला, "अन् तुम्ही घेता सोसून."

अक्कानं भिऊन केलं होतं, ते मी कसंतरी गिळलं असतं. यानं तर बसून, विचार करून केलं. वर्षभर मी याच्या ताटात भाकरी वाढत होते अन् याला माहीत होतं.

आज माझे गुडघे ठीक हायत. बरे झाले असं म्हणणार न्हाई, थंडीत आजबी धरतात, खाली मांडी घालून बसता येत न्हाई. पण चालते, रानात जाते, कुणाचा हात लागत न्हाई. बायांनो, व्यायामानं एवढंच मिळतं, अन् एवढं पुष्कळ हाय. सोबत मिळाली तर घ्या, पण तिच्या भरवशावर राहू नका. पुडीच्या वाटंला जाऊ नका. घरातली दुपार मागून मिळत न्हाई, ती घ्यावी लागते.

अक्का अजून हाय. तिचा पाय मी रोज उचलते, अन् आता आम्ही थोडं बोलतो, नातवंडांचं, पिकाचं. प्रकाशला चहा देते, जेवण वाढते, दुखलं-खुपलं विचारते. फक्त तो 'काकू' म्हणून हाक मारतो ना, तेव्हा मला ओ द्यावीशी वाटत न्हाई.